तंबाखू, आयुर्विमा आणि एक खोटे ‘नाही’

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. सकाळची गर्दी ओसरल्यावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आपल्या सुनेला घेऊन बोरीतील माझ्या दवाखान्यात आले. या कुटुंबाला मी वीसेक वर्षे ओळखतो. आबांनी पिशवीतून घडी घातलेले एक पत्र काढून टेबलावर ठेवले. पत्र विमा कंपनीचे होते आणि इंग्रजीत होते.

आबांचा मुलगा वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला होता. त्याने २५ लाखांचा मुदत विमा घेतल्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. कंपनीने दावा नामंजूर केला होता. प्रस्तावपत्रात तंबाखूसेवनाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ असे उत्तर होते. आणि विमा घेण्यापूर्वीच्या माझ्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात ‘तंबाखू, सुमारे २० वर्षे, दिवसातून ५-६ वेळा’ अशी नोंद होती.

“डॉक्टरसाहेब, तेवढी एक ओळ गाळून नवा कागद देता येईल का?” आबांनी विचारले. सून मान खाली घालून बसली होती.

मी तो कागद बदलून दिला नाही. खोटा दाखला देणे हे वैद्यकीय आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे, हे कारण होतेच. शिवाय मूळ कागदाची प्रत कंपनीकडे पोहोचलेली असल्याने नव्या कागदाने त्या कुटुंबाची बाजू अधिकच लंगडी झाली असती. तरीही ते दोघे निघून गेल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. ती ओळ मी रुग्णाच्या भल्यासाठी लिहिली होती. तिचा असा उपयोग होईल, असे लिहिताना मनात आले नव्हते.

त्या घरात कोणी फसवणुकीचा बेत केला नव्हता. फॉर्म इंग्रजीत होता, तो एजंटने भरला, मुलाने दाखविलेल्या जागी सह्या केल्या. ‘सिगारेट-बिडी ओढता का?’ एवढेच त्याला विचारले गेले आणि तो ‘नाही’ म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते उत्तर खरेच होते. असे उत्तर किती घरांतील फॉर्मवर असेल, या विचाराने हा लेख लिहीत आहे.

‘मी तर ओढत नाही’

आपल्या भागात तळहातावर चुना घालून तंबाखू मळणे याला फारसे कोणी व्यसन मानीत नाही. शेतात, पारावर, लग्नाच्या मांडवात पुडी पुढे केली जाते. न घेणाऱ्यालाच संकोच वाटतो. वयस्कर स्त्रिया दातांना मिसरी लावतात आणि ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर ठामपणे ‘नाही’ म्हणतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. परंतु रुग्णाचे तोंड उघडून पाहिले की बंदी कोठवर पोहोचली आहे ते कळते.

२०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाचे आकडे हेच सांगतात. त्या वेळी महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, तर खाण्याची, चघळण्याची किंवा दातांना लावण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः धुराचा नाही.

विमा व्यवसायाची परिभाषा मात्र सिगारेट ओढणाऱ्या देशांतून आली. त्यामुळे दरपत्रकावर ‘स्मोकर’ आणि ‘नॉन-स्मोकर’ असे दोनच शब्द दिसतात. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांच्या फॉर्ममधील प्रश्न सिगारेट, बिडी, गुटखा, तंबाखू अशा सर्व रूपांविषयी असतो. म्हणून ‘स्मोकर’ या शब्दाचा अर्थ आपण ‘तंबाखू वापरणारा’ असाच घ्यावा. मळून खाणारा, मावा चघळणारा आणि मिसरी लावणारी आजी, हे सारे त्यात येतात.

हप्ता कसा ठरतो?

आयुर्विम्याचा हप्ता तीन गोष्टींवर ठरतो: विमेदारांच्या मृत्यूचे अपेक्षित प्रमाण, कंपनीचा खर्च आणि गुंतवणुकीवरील व्याज. यांतील पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, चाळिशीतील तंबाखू न वापरणाऱ्या १,००० पुरुषांपैकी वर्षाला २ जण दगावतात आणि तंबाखू वापरणाऱ्या १,००० पुरुषांपैकी ४ जण. प्रत्येकाचा विमा २५ लाखांचा असेल, तर पहिल्या गटाच्या कुटुंबांना वर्षाला ५० लाख द्यावे लागतील. म्हणजे प्रत्येकी ५,००० रुपये गोळा करावे लागतील. दुसऱ्या गटासाठी १ कोटी लागेल, म्हणजे प्रत्येकी १०,००० रुपये. दोन्ही गटांना एकच दर लावला, तर तंबाखू न वापरणाऱ्याच्या खिशातून दुसऱ्याच्या तंबाखूचे पैसे जातात.

माणसांची अशी वर्गवारी नेहमीच न्याय्य होती असे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज विमा कंपन्या भारतीय माणसाचा विमा उतरवायचा झाल्यास, तो केवळ भारतीय आहे म्हणून, जादा हप्ता घेत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल लाइफ अश्युरन्स सोसायटी’ने भारतीयांचा विमा सर्वसाधारण दराने उतरविण्यास आरंभ केला. तो जादा आकार जन्माने चिकटलेला होता. तंबाखूचा जादा आकार सवयीवर आहे, आणि सवय बदलता येते.

विमा कंपन्यांना हा फरक कळण्यास वेळ लागला. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये तेथील डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा आणि मृत्यूंचा दीर्घ अभ्यास सुरू केला. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरील अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तेथील ‘स्टेट म्युच्युअल’ या कंपनीने सिगारेट न ओढणाऱ्यांना कमी दराचा विमा देऊ केला. पुढे ही पद्धत जगभर पसरली.

आपल्याकडे मुदत विम्यात, म्हणजे केवळ मृत्यूनंतर रक्कम मिळणाऱ्या योजनांत, दोन वेगळे दर सर्रास दिसतात. वय, मुदत आणि कंपनी यांनुसार तंबाखू वापरणाऱ्याचा हप्ता न वापरणाऱ्याच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. बचतीची जोड असलेल्या जुन्या पद्धतीच्या पॉलिसींच्या तक्त्यांत बहुधा असे दोन दर नसतात. तरी फॉर्ममध्ये प्रश्न असतोच, आणि सवय फार असेल किंवा तिच्या जोडीला रक्तदाब, मधुमेह असेल तर जादा हप्ता लावला जाऊ शकतो.

प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत मात्र हा भेद नाही. १८ ते ५० वर्षे वयाच्या बँक किंवा पोस्ट खातेदाराला तीत सहभागी होता येते, हप्ता वर्षाला ४३६ रुपये, विमा २ लाखांचा आणि संरक्षण वयाच्या ५५ व्या वर्षापर्यंत. तंबाखू वापरणाऱ्यालाही हाच दर आहे. रक्कम लहान आहे. तरी ज्या घरात दुसरा कोणताही विमा नाही, त्या घराने ही योजना सोडू नये.

लघवीतील साक्षीदार

मोठ्या रकमेच्या विम्यासाठी वैद्यकीय तपासणी होते आणि तीत कोटिनिनची चाचणी असते. तंबाखूतील निकोटिन शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे कोटिनिन बनते. निकोटिन काही तासांत उतरते, पण कोटिनिन रेंगाळते. शेवटच्या सेवनानंतर काही दिवस ते लघवीत सापडते आणि नित्याच्या वापरात त्याहूनही अधिक काळ. आयुर्विमा महामंडळाच्या ‘जीवन अमर’ आणि ‘टेक टर्म’ या योजनांच्या माहितीपत्रकांत, लघवीतील कोटिनिनच्या तपासणीवरूनच कमी दर मिळेल आणि अन्य सर्वांना ‘स्मोकर’ दर लागेल, असे स्पष्ट नमूद होते.

ही चाचणी धूर आणि चुना-तंबाखू यांत भेद करीत नाही. तंबाखू सोडण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या निकोटिनच्या गोळीने किंवा पट्टीनेही ती सकारात्मक येते. असे उपचार चालू असतील तर तपासणीपूर्वी ते लेखी कळवावेत.

‘दोन-चार दिवस बंद ठेवतो आणि मग लघवी देतो,’ असे म्हणणारे मला भेटतात. चाचणी चुकविता आली तरी फॉर्मवरील प्रश्न उरतोच. तो आज लघवीत काय आहे याविषयी नसतो. गेल्या बारा महिन्यांत, गेल्या काही वर्षांत किंवा पूर्वी कधीही तंबाखू वापरली का, याविषयी असतो. त्याचे उत्तर पुढे तपासले जाते ते केसपेपर, दंतवैद्याची चिठ्ठी आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड यांवरून. प्रस्तावपत्रावर सही करताना डॉक्टरांकडून ही माहिती मृत्यूनंतरही मिळविण्याची संमती आपण दिलेली असते.

तीन वर्षांची मर्यादा

१९३८ च्या विमा कायद्यातील कलम ४५ प्रत्येक विमेदार कुटुंबाने समजून घ्यावे. २०१५ मधील दुरुस्तीनंतर त्याचा आशय असा आहे: पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनी कोणत्याही कारणाने तिच्या वैधतेवर आक्षेप घेऊ शकत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती लपविणे या कारणांवरून ती आक्षेप घेऊ शकते. फसवणूक नसून केवळ चुकीची माहिती किंवा माहितीची लपवणूक ठरली, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. आबांच्या घरी तेच झाले: २५ लाखांच्या जागी एका वर्षाच्या हप्त्याइतकी रक्कम आली.

येथे एक खाच आहे. हप्ता थकून पॉलिसी बंद पडली आणि ती पुन्हा चालू करून घेतली, तर ही तीन वर्षे पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात. आपल्या भागात घरचा पैसा सोयाबीन-कापसावर अवलंबून असतो. एक हंगाम बुडाला की पहिला थकतो तो विम्याचा हप्ता. पुनरुज्जीवनाच्या वेळी प्रकृतीविषयी पुन्हा निवेदन द्यावे लागते. तेथेही घाईने ‘नाही’ लिहिले जाते. म्हणून दहा वर्षे जुनी पॉलिसी आहे, आता कशाची भीती, असे समजू नये.

याच कलमात कुटुंबाच्या बाजूच्याही गोष्टी आहेत. लपविलेल्या बाबीचा जोखमीशी थेट संबंध असला पाहिजे. आणि ती माहीत असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे दाखविण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. आक्षेपाची कारणे व त्यामागील पुरावे कंपनीने लेखी कळविले पाहिजेत. विमा विकण्यासाठी बोलणी करणारी व्यक्ती, करार घडण्यापुरती, कंपनीचीच प्रतिनिधी मानली जाते. तंबाखूच्या बाबतीत यांतून युक्तिवाद उभा राहतो: खरे सांगितले असते तर विमा नाकारला नसता, हप्ता वाढवून दिला असता. हा युक्तिवाद प्रत्येक ठिकाणी मान्य होईलच असे नाही. पण तो मांडण्याचा हक्क आहे.

त्यासाठी आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. परभणी जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यास आहे. शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते आणि मागणी ५० लाखांपर्यंतची असावी लागते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

ज्येष्ठ वाचकांसाठी आणखी एक सूचना. वरील तीन वर्षे आयुर्विम्याची आहेत. आरोग्य विम्यात अशीच मुदत सलग ६० महिन्यांची आहे, आणि सिद्ध झालेली फसवणूक तीतून वगळली आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

सोडणाऱ्याचे काय?

ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सतत धूम्रपान करणारे पुरुष न करणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी मरण पावत होते. मात्र ज्यांनी तिसाव्या वर्षी सोडले त्यांची ती सारी १० वर्षे वाचली. चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची सुमारे ९, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांची ६ आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचीही ३ वर्षे वाचली. ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ असे विचारणाऱ्या माझ्या प्रत्येक वयोवृद्ध रुग्णाला मी हा शेवटचा आकडा सांगतो.

बिडी सौम्य असते, हाही समज सोडावा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील मोठ्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे १० वर्षांनी घटलेले आढळले. खाण्याच्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, याविषयी तर वैद्यकशास्त्रात वाद नाही.

विम्याच्या दृष्टीनेही सोडण्याला किंमत आहे. किमान एक वर्ष तंबाखू पूर्ण बंद असेल, तर अनेक कंपन्या कमी दराचा विचार करतात. काहींची अट अधिक काळाची असते. चालू पॉलिसीचा दर कमी होईल का, हे कंपनीला लेखी विचारावे. नवी पॉलिसी घ्यायची झाल्यास ती प्रत्यक्ष हाती येईपर्यंत जुनी बंद करू नये, आणि नव्या पॉलिसीची तीन वर्षे नव्याने मोजली जातात हे ध्यानात ठेवावे. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक विनामूल्य आहे. आपल्या डॉक्टरांशी बोलता येतेच.

घरातील वडीलधाऱ्यांनी काय पाहावे?

साठीनंतर स्वतःसाठी नवा मुदत विमा घेणारे थोडे. पण मुलाच्या विम्याचा फॉर्म भरला जातो तो आपल्याच ओसरीवर, आपल्या डोळ्यांदेखत. तेव्हा पुढील गोष्टींचा आग्रह धरावा.

प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून व समजावून घेतल्याशिवाय सही होऊ देऊ नये. मराठीत सही किंवा अंगठा असल्यास, ‘मजकूर समजावून सांगितला’ असे निवेदन फॉर्मवर असते. ते खरे असल्याशिवाय करू नये.

तंबाखूच्या प्रश्नापुढे प्रकार, दिवसाचे प्रमाण आणि किती वर्षे, हे लिहावे. सोडली असेल तर कधी सोडली तेही लिहावे. ‘हे लिहिले तर हप्ता वाढेल’ असे एजंट म्हणाला, तर वाढलेला हप्ता किती ते विचारावे. तो परवडत नसेल तर विम्याची रक्कम कमी करावी, उत्तर बदलू नये.

पॉलिसी आल्यावर सोबतच्या प्रस्तावपत्राची प्रत उघडून पाहावी. प्रत नसेल तर मागावी. तो आपला हक्क आहे. चूक दिसली तर लगेच लेखी कळवावे आणि पोच जपून ठेवावी. पॉलिसी मान्य नसल्यास हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

ज्यांच्या पॉलिसीवर आधीच चुकीचे उत्तर आहे, त्यांनी तीन वर्षे उलटण्याची वाट पाहत बसू नये. कंपनीला कळवून दुरुस्ती मागावी. हप्ता वाढेल, काही वेळा पॉलिसी नाकारलीही जाईल. पण हा निर्णय विमेदार हयात असताना व्हावा. नंतर त्याच्या वतीने उत्तर देण्याची पाळी पत्नीवर येते, आणि तिला तर पुष्कळदा पॉलिसीचा क्रमांकही माहीत नसतो.

आबांच्या सुनेची तक्रार विमा लोकपालाकडे दाखल झाली आहे. एजंटने फॉर्म कसा भरला, सही करणाऱ्याला इंग्रजी येत नव्हते, हे तिने त्यात लिहिले आहे. माझ्याकडून तिने मागितले ते दिले: केसपेपरची खरी प्रत, त्यातील तंबाखूच्या नोंदीसह. निकाल अजून यायचा आहे.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट बदलली. केसपेपरवर तंबाखूची नोंद करताना समोरच्याला ती वाचून दाखवतो आणि विचारतो, “तुमचा विमा आहे का? त्यावर काय लिहिले आहे?” बहुतेकांना सांगता येत नाही. ते घरी जाऊन कागद काढतात, आणि काही जण तो घेऊन परत येतात.